पोडावर शिकलेले मोजायचे कसे?

समाजकार्याच्या पदवीसाठी विद्यार्थ्याला दोन ठिकाणी शिकावे लागते, वर्गात आणि वस्तीत. वर्गातले शिक्षण इतर विषयांसारखेच असते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक कायदे, संशोधन पद्धती हे विषय शिकवले जातात आणि सत्राच्या शेवटी लेखी परीक्षा होते. वस्तीतल्या शिक्षणाला क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते 'फिल्डवर्क'च असते. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, आश्रमशाळेत, ग्रामपंचायतीत किंवा थेट वस्तीवर काम करतो आणि त्या कामाला स्वतंत्र गुण असतात. मूल्यमापनाची खरी अडचण या गुणांपाशी येते. वर्गात शिकलेले उत्तरपत्रिकेत उतरते. वस्तीत शिकलेले ज्या क्षणी दिसते, त्या क्षणी परीक्षक तिथे नसतो. अहवाल, चर्चा, पर्यवेक्षकाचा शेरा, तोंडी परीक्षा ही सगळी साधने या न पाहिलेल्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका डोळ्यांसमोर ठेवला, तर ही अडचण नेमकी कळते. वणी, मारेगाव आणि केळापूर या तालुक्यांच्या शेजारचा हा भाग तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही इथली पिके. मुकुटबनच्या बाजूला सिमेंट आणि खाणी, उरलेल्या भागात जंगल आणि कोरडवाहू शेती. गोंड आणि कोलाम या आदिवासी जमाती इथे मोठ्या संख्येने राहतात. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा असून ती मराठीपेक्षा अगदी वेगळी आहे. कर्ज आणि नापिकीमुळे होणाऱ्या शेतकरी आत्महत्या, कुमारी मातांचा प्रश्न, वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, रेशन, शाळेतून होणारी गळती हे सगळे प्रश्न या एका तालुक्यात एकत्र भेटतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे इथे भरपूर आहे. ते तो शिकला की नाही, हे ठरवणे मात्र सोपे नाही.

भारतात समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात 1936 साली मुंबईत झाली. नागपाड्यातील वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. 1944 मध्ये त्याचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले आणि 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (1955), नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था (1958) आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (1963) सुरू झाल्या. विदर्भात या शिक्षणाने चांगलेच मूळ धरले. यवतमाळचे सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय हे त्याचे एक उदाहरण. जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे असतो, हे या शाखेचे आणखी एक वेगळेपण. वकिलीसाठी बार कौन्सिल आहे तशी समाजकार्यासाठी देशपातळीवरची वैधानिक परिषद नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, पण बाकीच्या पदवीधरांसाठी पदवी हाच परवाना. त्यामुळे कोण काम करण्यास योग्य आहे, हे ठरवण्याचे ओझे विद्यापीठाच्या मूल्यमापनावरच येते.

मोजायचे काय, हा पहिला प्रश्न. समाजकार्यात ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती अशा तीन गोष्टी पाहिल्या जातात. वनहक्क कायदा 2006 सालचा आहे, दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, हे माहीत असणे म्हणजे ज्ञान. गावात बसून दावेदाराकडून पुराव्याची कागदपत्रे गोळा करून घेणे आणि वृद्धांचे जबाब नीट लिहून घेणे हे कौशल्य. दावा त्या माणसाचा आहे, आपला नाही, हे लक्षात ठेवून निर्णय त्याच्यावर सोडणे ही वृत्ती. वैद्यकशिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये शिकण्याचा चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला होता. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे या त्या पायऱ्या. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते. तिसरीसाठी सराव आणि प्रात्यक्षिक लागते. चौथी पायरी पोडावर असते.

लेखी परीक्षेचा उपयोग कमी नाही, पण प्रश्न कसा विचारला यावर तो अवलंबून असतो. फेलिक्स बिस्टेक यांनी 1957 मध्ये व्यक्तिसहाय कार्यातील नात्याची सात तत्त्वे मांडली. गोपनीयता हे त्यांतले एक. 'व्यक्तिसहाय कार्याची तत्त्वे स्पष्ट करा' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि मार्गदर्शिकेतून पाठ केलेले उत्तर त्याला पुरते. तोच विषय असाही विचारता येतो: गृहभेटीत सतरा वर्षांची मुलगी आपण गरोदर असल्याचे विद्यार्थिनीला सांगते आणि कुणालाही सांगू नका अशी गळ घालते, विद्यार्थिनीने काय करावे? इथे तत्त्व पाठ असून भागत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अपराधाची माहिती कळलेल्या व्यक्तीला ती पोलिसांकडे द्यावीच लागते. त्याच कायद्याने मुलीची ओळख उघड करण्यास मनाई आहे. गोपनीयतेची मर्यादा मुलीला आधीच आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगायला हवी होती, पर्यवेक्षकाला त्याच दिवशी कळवायला हवे, बालकल्याण समिती आणि आरोग्य केंद्र यांची मदत घ्यायला हवी, हे उत्तरात यावे लागते. कुमारी मातांच्या बातम्यांमुळे झरी जामणी तालुक्याचे नाव अनेकदा वर्तमानपत्रांत आले. अशा भागात जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न कधीही समोर उभा राहू शकणारा आहे.

क्षेत्रकार्याच्या मूल्यमापनाचे मुख्य साधन म्हणजे अहवाल. प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थी काय पाहिले, कोणाशी बोलणे झाले, काय केले आणि त्यावर आपल्याला काय वाटले ते लिहितो. पर्यवेक्षक शिक्षक तो वाचून समासात शेरे लिहितात. चांगला आणि वाईट अहवाल यांतला फरक दोन नमुन्यांवरून दिसेल. दोन्ही नमुने समजुतीसाठी रचलेले आहेत. पहिला असा:

'आज पोडावर गृहभेटी दिल्या. पाच कुटुंबांची माहिती घेतली. रेशन मिळते का ते विचारले. शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. लोकांनी चांगला प्रतिसाद दिला.'

दुसरा असा:

'सकाळी अकराला पोहोचलो तेव्हा पोडावर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच होती. बाकी सगळे कापूस वेचायला गेलेले. पाचव्या घरी आजीला मराठीत विचारले, रेशन मिळते का. ती "हो" म्हणाली. तिच्या नातीने तेच कोलामीत विचारले तेव्हा आजी बराच वेळ बोलली. नातीने सांगितले की कार्ड आहे, पण चार महिन्यांपासून अंगठा उमटत नाही म्हणून धान्य मिळत नाही. आधीच्या चार घरांत मी "हो" असेच लिहून घेतले आहे. ती चारही घरे पुन्हा विचारावी लागतील. पुढच्या वेळी संध्याकाळी जावे.'

पहिला अहवाल नीटनेटका आहे. पाच घरांचा आकडा आहे, काम झाल्याची खूण आहे. मात्र तो कोणत्याही वस्तीबद्दल, कोणत्याही दिवशी, तिथे न जाताही लिहिता येईल. दुसऱ्यात विद्यार्थ्याची चूक कबूल केलेली आहे आणि शिकणे नेमके त्या चुकीत आहे. 'हो' या उत्तराचा अर्थ भाषेप्रमाणे आणि विचारणाऱ्याप्रमाणे बदलतो, कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी वस्ती रिकामी असते, अंगठ्याचा ठसा न जुळणे हे धान्य न मिळण्याचे कारण असू शकते, या तीन गोष्टी त्याला त्या दिवशी कळल्या. त्यापुढचे कामही त्याने स्वतःच ठरवले. अहवाल तपासताना पाने मोजली, तर पहिल्याला आणि दुसऱ्याला सारखेच गुण पडतात. काय कळले आणि त्यावरून काय बदलले हे पाहिले, तर दोघांत मोठे अंतर दिसते.

अहवालाला जोड असते ती चर्चेची. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक विद्यार्थ्याशी स्वतंत्र बोलतो आणि काही दिवसांनी सगळ्या गटाची एकत्र चर्चा होते. महाविद्यालयांत या बैठकांना 'आयसी' आणि 'जीसी' म्हणतात. वरच्या दुसऱ्या अहवालावर पर्यवेक्षक विचारू शकतो: नातीने सांगितलेले आजीचेच शब्द होते हे कशावरून? रास्त भाव दुकानदाराकडे तू विचारलेस का? अंगठा उमटत नसेल तर पर्यायी व्यवस्था काय आहे, हे पुरवठा निरीक्षकाकडून समजून घेतलेस का? लिहिलेला अहवाल दुसऱ्याकडून उतरवता येतो. समोरासमोर विचारलेल्या अशा प्रश्नांपुढे उतरवलेला अहवाल टिकत नाही. म्हणूनच चर्चेच्या नोंदी तारखेनिशी ठेवणे मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते. वर्षाच्या सुरुवातीची नोंद आणि शेवटची नोंद शेजारी ठेवली की विद्यार्थी किती पुढे गेला ते कळते.

तिसरे साधन म्हणजे संस्थेतील पर्यवेक्षकाचा शेरा. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहणारा तोच. तरी या शेऱ्यात एक नेहमीचा दोष असतो. वक्तशीरपणा, संवादकौशल्य, पुढाकार अशा मुद्द्यांसमोर पाचपैकी गुण द्यायचे असतात आणि जवळजवळ सगळ्यांना चार किंवा पाच मिळतात. हा दोष जगभर आढळतो. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात मारिऑन बोगो आणि शेरिल रेगर यांनी या प्रश्नाचा बराच अभ्यास केला. क्षेत्रपर्यवेक्षक बोलताना चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांतला फरक अचूक सांगत, पण गुणतक्त्यावर तो फरक पुसला जाई. त्यावर त्यांनी वेगवेगळ्या पातळीच्या विद्यार्थ्यांची वर्णने तयार केली आणि आपला विद्यार्थी कोणत्या वर्णनाशी जुळतो, ते पर्यवेक्षकांना निवडायला सांगितले.

या विचाराचे सोपे रूप म्हणजे गुणनिकषांचा तक्ता. 'गृहभेट' या एका मुद्द्यासाठी तो असा आखता येईल. पहिली पातळी: विद्यार्थी ठरलेले प्रश्न विचारतो, उत्तर जसेच्या तसे लिहितो. दुसरी: उत्तर अपुरे वाटले तर वेगळ्या शब्दांत किंवा दुभाष्याच्या मदतीने पुन्हा विचारतो. तिसरी: घरातील माणसे, त्यांची कामाची वेळ, कोण बोलते आणि कोण गप्प राहते याची नोंद घेऊन पुढची भेट ठरवतो. चौथी: मिळालेल्या माहितीवर काय करायचे ते कुटुंबाबरोबर ठरवतो आणि झालेल्या कामाची माहिती परत येऊन त्यांना देतो. अशा तक्त्यात गुणाचा अर्थ शब्दांत लिहिलेला असतो. चार म्हणजे काय, हे पर्यवेक्षकालाही कळते आणि विद्यार्थ्यालाही. पहिल्या पातळीवरचा विद्यार्थी तिसरीवर कसा जाईल, हे त्याला सांगता येते.

चौथे साधन म्हणजे प्रात्यक्षिक. वर्गात भूमिकानाट्य करून घेणे ही आपल्याकडची जुनी पद्धत. वैद्यकीय महाविद्यालयांत स्कॉटलंडच्या डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये एक परीक्षापद्धत मांडली. तीत प्रत्येक विद्यार्थ्यासमोर सारखाच प्रसंग ठेवतात, रुग्णाचे काम शिकवून तयार केलेली व्यक्ती करते आणि परीक्षक ठरलेल्या निकषांवर गुण देतो. बोगो यांच्या गटाने ती समाजकार्यासाठी बसवली. विद्यार्थी सुमारे पंधरा मिनिटे मुलाखत घेतो आणि मग परीक्षकाशी त्या मुलाखतीवर बोलतो. या दुसऱ्या भागात आपण काय केले, का केले आणि काय राहून गेले हे त्याला सांगावे लागते. यवतमाळ जिल्ह्यासाठी असा प्रसंग सहज तयार होईल: नवऱ्याच्या आत्महत्येनंतर सावकार आणि बँक दोघांकडून विचारणा होत असलेली, दोन मुलांची आई. राज्य शासनाने 2015 मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनाची व्यवस्था आहे. विद्यार्थ्याला त्याची माहिती आहे का, हे प्रसंगात कळते. पण माहिती देण्याआधी तो त्या बाईचे ऐकून घेतो का, हेही कळते आणि त्याला जास्त गुण असायला हवेत.

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा होते. बाहेरचा परीक्षक येतो, अहवालांची फाईल चाळतो आणि काही मिनिटे प्रश्न विचारतो. बाहेरचा माणूस आल्याने महाविद्यालयाअंतर्गत दिलेल्या गुणांवर नजर राहते, हा तिचा फायदा. वेळ अपुरा आणि विद्यार्थी दडपणाखाली, ही तिची उणीव. फाईलमधली एकच घटना निवडून तिच्याबद्दल सविस्तर विचारणारा परीक्षक व्याख्या विचारणाऱ्यापेक्षा जास्त जाणून घेतो. पदव्युत्तर अभ्यासात संशोधन प्रबंधही असतो. समाजकार्यातील संशोधनाचा उपयोग कोठवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2005 मध्ये महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या कारणांवरचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाला सादर केला होता. विद्यार्थ्याच्या प्रबंधाकडून तेवढी अपेक्षा नसते. प्रश्न नेमका विचारला का, माहिती कशी मिळवली आणि माहिती देणाऱ्यांची संमती घेतली का, एवढे तपासले तरी पुरते.

साधने कितीही चांगली असली तरी ती न्याय्य आहेत का, हा प्रश्न वेगळा तपासावा लागतो. पोडावर वाढलेली, कोलामी बोलणारी विद्यार्थिनी वर्गात असेल, तर वस्तीवर तिला दुभाष्या लागत नाही. आजीचे लांबलचक उत्तर तिला पहिल्याच भेटीत कळते. मात्र तिचा अहवाल प्रमाण मराठीत लिहिलेला नसेल, 'समुदाय संघटन' आणि 'सामाजिक कृती' हे शब्द तिच्या वाक्यांत जागोजागी नसतील, तर शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा तिला कमी गुण मिळण्याची शक्यता असते. तसे झाले तर ते गुण लेखनशैलीचे होतात, समाजकार्याचे राहत नाहीत. याला उपाय आहेत. काही अहवाल तोंडी घेता येतात, ध्वनिमुद्रित करता येतात, निकषांच्या तक्त्यात भाषाशुद्धीला वेगळा आणि छोटा वाटा ठेवता येतो. दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तोच अहवाल तपासला आणि गुणांत मोठा फरक पडला, तर निकष धूसर आहेत असे समजून ते पुन्हा लिहावेत.

ज्यांच्या घरी विद्यार्थी जातात त्या लोकांचे मत हा मूल्यमापनाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विद्यार्थी सत्र संपले की निघून जातो. पुढच्या वर्षी नवा येतो आणि तेच प्रश्न नव्याने विचारतो. लोकांना विचारायला मोठी प्रश्नावली लागत नाही. पोडावरच्या बैठकीत पर्यवेक्षकाने तीन गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ कळते: आलेली मुले काय काम करायला आली होती, त्यांनी सांगितलेले केले का, पुन्हा आली तर चालतील का? या उत्तरांचे थेट गुण करणे योग्य नाही, कारण लोक पाहुण्याबद्दल वाईट बोलत नाहीत आणि गरजू माणसाला मत देताना भीती वाटू शकते. तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता आले नाही, तर क्षेत्रकार्य कागदावर झाले आहे हे उघड होते. याला आणखी एक बाजू आहे. अहवालांत लोकांची नावे, आजार, कर्ज, गरोदरपण लिहिलेले असते आणि फाईल अनेक हातांतून जाते. म्हणून नावे बदलून लिहिणे आणि छायाचित्रे संमतीशिवाय न जोडणे हाही मूल्यमापनाचा एक निकष असावा लागतो.

विद्यापीठांच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत निष्पत्ती-आधारित शिक्षणाची भाषा आली आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या तपासणीसाठी आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक अभ्यासक्रमाने आपला विद्यार्थी शेवटी काय करू शकेल, हे लिहून द्यावे लागते. अमेरिकेत समाजकार्य शिक्षण परिषदेने 2008 पासून अभ्यासक्रमांची मान्यता अशा क्षमतांशी जोडली. तिथे पदवीसाठी किमान 400 आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान 900 तासांचे क्षेत्रकार्य लागते आणि प्रत्यक्ष काम हीच या शाखेची खास अध्यापनपद्धत मानली जाते. क्षमता लिहून काढल्याचा फायदा असा की शिक्षकांना काय शिकवायचे आणि काय तपासायचे, हे जुळवून घ्यावे लागते. धोका तक्ते भरण्याचा आहे. 'विद्यार्थी समुदायाच्या गरजा ओळखू शकेल' अशी निष्पत्ती लिहिली आणि तिचा पुरावा म्हणून लेखी परीक्षेचे सरासरी गुण जोडले, तर तक्ता पूर्ण होतो, पण पोडावर काय घडले त्याचा पत्ता त्यात नसतो. त्या निष्पत्तीचा पुरावा क्षेत्रकार्याच्या फाईलमध्ये, पर्यवेक्षकाच्या नोंदींत आणि पोडावरच्या बैठकीत असतो.

शेवटचा निर्णय उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हा असतो. लेखी परीक्षेत नापास करताना शिक्षक सहसा कचरत नाहीत. क्षेत्रकार्यात मात्र वर्षभर गावोगाव फिरलेल्या विद्यार्थ्याला नापास करणे जड जाते, म्हणून बहुतेक सगळे पार होतात. हा निर्णय अचानक घ्यावा लागू नये यासाठी सत्राच्या मध्यावरच लेखी आढावा देणे, काय सुधारायचे ते नेमके सांगणे आणि त्यासाठी मुदत देणे ही प्रचलित पद्धत आहे. लोकांशी तुसडेपणाने वागणारा, गोपनीय माहिती फोडणारा किंवा न गेलेल्या भेटी लिहिणारा विद्यार्थी आढाव्यानंतरही बदलला नाही, तर त्याला पुढे जाऊ न देणे हे मूल्यमापनाचेच काम ठरते. पदवी हाच परवाना असलेल्या या क्षेत्रात, तो विद्यार्थी पुढच्या वर्षी नोकरीवर लागून कुणाच्या तरी घरी जाणार असतो.